बारा नंबरचा पोर्ट

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कापसाचं जिनिंग होतं. नाव सांगत नाही, आता ते बंदच आहे. दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत मी त्या हंगामात तिथं चौथ्यांदा निघालो होतो, आणि चारही वेळा काम एकच होतं.

माझं दुकान बडनेऱ्याला. ऑफिसांत, बाजार समित्यांत, जिनिंगांत कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे, ही माझी रोजीरोटी. सकाळी मॅनेजर रामरावांचा फोन आला.

"गजेंद्र, लिंक पुन्हा गेली."

"परवाच तर केबल बदलली, रामराव."

"मंग ते केबलले सांगा. मले काहून सांगता? नव्वद गाड्या उभ्या हायेत फाटकात. अन् वर पाहा जरा, आभाळ कसं झालं."

आभाळ खरंच भरून आलं होतं. कापूस एकदा भिजला की जिनिंगवाला त्याच्याकडे बघतही नाही. मी मोटरसायकल काढली. डोक्यात नुसता वैताग होता. आपण काम नीट केलंय हे माहीत असतं, आणि तरी ते पुन्हा पुन्हा मोडतं. त्यासारखा चीड आणणारा प्रकार दुसरा नाही.

पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. फाटकापासून आत काट्यापर्यंत गाड्यांची रांग. बहुतेक बैलगाड्या, मधे चार-दोन टेम्पो. काटा म्हणजे जमिनीबरोबर बसवलेली लांबरुंद लोखंडी फळी. अख्खी गाडी बैलांसकट तिच्यावर चढते, आणि बाजूच्या कॅबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन उमटतं. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, गाडी गंजीवर, म्हणजे कापसाच्या ढिगाकडे नेऊन कापूस उतरवायचा, रिकामी गाडी परत काट्यावर आणायची. दोन वजनांतला फरक तो कापूस. काटा आणि कॉम्प्युटर यांच्यातली लिंक गेली की आकडा येत नाही, आणि आकडा नाही तर रांग हलत नाही.

"आले इंजिनेर," रांगेतून कोणीतरी म्हणालं. त्यात आदर नव्हता.

कॅबिनमध्ये काटेवाले अब्दुल सत्तार बसले होते. साठीचे, बारीक अंगाचे, दाढी मेंदीनं लाल. तीस वर्षं ते काट्यावर होते. मागच्या तिन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला होता, पण बोलले फारसे नव्हते. आजही त्यांनी नुसती खुर्ची सरकवून दिली.

भिंतीवर पत्र्याच्या पेटीत स्विच होता. चोवीस भोकांचा लोखंडी डबा. प्रत्येक भोकाला आम्ही पोर्ट म्हणतो. एका पोर्टात ऑफिसची वायर, एकात कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या खोलीची, सात नंबरात काट्याची. पेटी उघडली तर आत कापसाचे तंतू साचून गादी झाली होती. फुंकर मारून, ब्रशनं झाडून सगळं साफ केलं. मग लॅपटॉप जोडून बसलो.

सात नंबरचा दिवा लागत होता, विझत होता. दुखणं मला ठाऊक होतं. काट्याचं मशीन जुनं, हळू बोलणारं. स्विच भरभर बोलणारा. दोघांनी किती वेगानं बोलायचं ते त्यांनी आपसांत ठरवायचं असतं, त्याला ऑटो म्हणतात. ठरत नाही तेव्हा लिंक पडते, उठते, पुन्हा पडते. मी मागच्या खेपेलाच ऑटो काढून सात नंबरला हळू वेग बांधून दिला होता. आज तपासलं तर तो तसाच होता, कोणी हात लावलेला नव्हता. तरी पुन्हा बांधला, वायरीची दोन्ही टोकं नवी बसवली, अर्थिंग पाहिलं. मग शेवटचं काम केलं, जे आधीच्या खेपांत राहून गेलं होतं. जे पोर्ट कोणी वापरत नाही ते सगळे बंद करून टाकले. उगाच कुठून काही कचरा यायला नको.

सात नंबरचा दिवा स्थिर झाला.

"चाचा, घ्या गाडी."

पहिली गाडी काट्यावर चढली. स्क्रीनवर आकडा येऊ लागला आणि दिवा विझला. रांगेतून एकदम गलका उठला. मी लॅपटॉपकडे पाहिलं. बंद केलेल्या पोर्टांपैकी एक, बारा नंबरचा, चालू झाला होता.

मी तो बंद केला. सात नंबर पडला. बारा आपोआप पुन्हा उठला, तेव्हा सातही उठला. पुन्हा बारा बंद केला. पुन्हा सात पडला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा मी चिडून बारा नंबरातली वायरच उपटली.

हातात वायर लोंबत होती. भोक रिकामं होतं. आणि त्या रिकाम्या भोकावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही वायर आता कुठं जाते, चाचा?"

सत्तारचाचांनी त्या भोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुन्या काट्याकडे."

जुना काटा आवाराच्या मागच्या बाजूला होता. मी वायरीचा माग काढत गेलो. सरकीच्या ढिगामागून, पडक्या शेडच्या भिंतीला धरून. तिथं मशीनचा आवाज पोचत नव्हता. काट्याची लोखंडी फळी उचलून कधीच भंगारात गेली होती. उरला होता खड्डा, त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकलेल्या. वायरीचं टोक त्या पऱ्हाट्यांत पडलं होतं. उंदरांनी कुरतडलेलं, आठही तारा उघड्या. त्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं.

वारा पडला होता. तरी त्या खड्ड्याशी बैलांच्या अंगाचा वास येत होता, ओल्या गोणपाटासारखा, घामट. आणि अगदी जवळ, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एखादं जनावर नाकातून जोरात हवा सोडतं तसा आवाज झाला. मी वळून पाहिलं. भिंत होती.

परत आलो तेव्हा सत्तारचाचा स्क्रीनकडे टक लावून बसले होते. त्या प्रोग्राममध्ये दोन काट्यांचे दोन चौकोन होते. पहिला चालू काट्याचा. दुसरा जुन्या काट्याचा, तो बंद झाल्यापासून कोराच असायचा. त्या दुसऱ्या चौकोनात आकडा होता. १६४०.

"सोळा क्विंटल चाळीस," चाचा हळू आवाजात म्हणाले. "तेच हाय."

"काय तेच?"

"दार लावा."

मी दार लावलं. बाहेरचा गलका जरा दबला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "संक्रांतीच्या वक्ताची गोष्ट. पिंपळखेडचा एक मानूस होता, महादेवराव. घरचं बरं होतं त्याचं, कोनाचं देनं नोतं. गुमान मानूस. सहा दिवस रांगेत होता. सातव्या दिवशी त्याचा नंबर लागला, गाडी जुन्या काट्यावर घेतली, अन् लिंक गेली. तो म्हने, गाडी खाली घेऊ काय? म्या म्हनलं, घेऊ नोका. खाली घेतली त नंबर जाईन, पुन्हा मांगून लागा लागन. हालू नोका, आत्ता येते लिंक."

त्यांनी मागच्या शेडकडे बोट केलं.

"साडेतीन घंटे, बेटा. तो उन्हात गाडीवर बसून होता. लिंक आली. म्या वजन घेतलं, सोळा चाळीस. हाक मारली, महादेवराव, न्या गाडी गंजीवर. गाडी हालेना. बैलं आपल्या मनानं बी निंघाले नाई, कावून का कासरा त्याच्या हातात ताणून धरेल होता. जवळ गेलो त... कवाचाच गेला होता."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"तहसीलचा मानूस आला. त्यानं पहिलं काय इचारलं ठावं हाय? म्हने, काय पेला होता? त्या सालात औषद पिऊन किती जन गेले, त सगळे तेच इचारत. काईच पेला नोता तो. पानी बी पेला नोता, काट्यावरून हालू नोको म्हनलं होतं ना म्या. गाववाल्यानं भरली गाडी तशीच वापस नेली. रिकाम्या गाडीचं वजन झालंच नाई. या कम्प्युटरात ते वजन अजून अर्धंच हाय."

अर्धं वजन. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. म्हणजे प्रोग्राममध्ये एक जुनी नोंद अडकली होती, आणि लिंक उठली की ती आपलं दुसरं वजन मागत होती. रिकाम्या भोकातल्या दिव्याचं उत्तर त्यात नव्हतं, पण त्याकडे मी तेवढ्यापुरती पाठ फिरवली. नोंद खोडून टाकू म्हणालो. खोडता येईना. हातानं आकडा टाकून बघितला, प्रोग्रामनं तो घेतला नाही. काट्यावरूनच वजन हवं, असं लिहून येत होतं. आणि तो काटा तर खड्डा झाला होता.

रामराव दार ठोठावू लागले. "अरे, काय करून राहिले तुमी आत? लोकं मले खाऊन राहिले."

"पंधरा मिनिटं द्या," मी ओरडलो.

मग चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी लिंक गेली तवा तुमाले फोन म्याच केला होता."

माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

मला आठवलं. अकोल्यात मित्राचा साखरपुडा होता. जेवणाची पंगत बसलेली. नांदगावकडच्या जिनिंगमधून कोणाचा तरी फोन आला की लिंक गेली आहे. मी एका कानात बोट घालून म्हणालो होतो, स्विच बंद करून चालू करा, उद्या येतो. उद्याही गेलो नव्हतो. चार दिवसांनी गेलो तेव्हा लिंक चालू होती. मला कोणी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. आणि तो स्विच मीच बसवला होता. घाईत होतो म्हणून सगळे पोर्ट ऑटोवर सोडून दिले होते. एकेकाला वेग बांधून द्यायला अर्धा तास लागला असता.

"चाचा, मला माहीत नव्हतं."

"मले बी कुठं माईत होतं, का तो बसून राहीन," ते म्हणाले. "म्या सांगतलं अन् त्यानं आयकलं."

स्क्रीनवर आकडा तसाच होता. १६४०. मग मी केलं ते का केलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी बारा नंबरचा पोर्ट उघडला. नीट, रीतसर. त्याला सात नंबरसारखाच हळू वेग बांधून दिला, त्याच्यापुढे नाव लिहिलं, जुना काटा, आणि बदल पक्का करून ठेवला. दोन वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते सगळं. वायर भिंतीवरून लोंबतच होती.

दिवा लुकलुकायचा थांबला. स्थिर झाला.

सत्तारचाचांनी खिडकी उघडली. बाहेर कोणाकडे न बघता, रोजच्या सुरात, फक्त फार हळू त्यांनी हाक दिली, "महादेवराव... न्या गाडी गंजीवर."

आकडा हलला. सोळाशे चाळीसचे बाराशे झाले, सहाशे झाले, मग शून्य.

"झालं?" मी विचारलं.

"थांबा... गाडी खाली कराले गेली."

आवारात एकाएकी शांतता पसरली होती. गलका करणारी माणसंही गप्प झाली होती, आणि का ते त्यांना कळत नव्हतं. मागच्या शेडकडून कापसाच्या गंजीकडे जाणारी वाट रांगेच्या बाजूनं जाते. त्या बाजूचे बसलेले बैल उठून उभे राहिले. आधी शेवटच्या गाडीचे, मग तिच्या पुढचे, मग त्याच्या पुढचे. आणि एकामागून एक त्यांच्या माना वळत गेल्या, जसं काही त्यांच्या शेजारून कोणीतरी सावकाश चाललं आहे. घुंगरं वाजली ती फक्त त्यांचीच असावीत.

गंजीपाशी रोजंदारीवरची आशाबाई सांडलेला कापूस झाडत होती. तिनं खराटा थांबवला, पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरकली, गाडीला वाट देतात तशी.

वीस मिनिटं गेली. रामरावही ओसरीत येऊन उभे होते, पण ओरडत नव्हते. मला सारखं वाटत होतं, आत्ता पोर्ट बंद करावा आणि पळून जावं. पण नोंद पुन्हा अर्धीच राहिली असती.

मग बैलांच्या माना उलट्या बाजूनं वळू लागल्या. गंजीकडून मागच्या शेडकडे.

दुसऱ्या चौकोनात आकडा उमटला. चढत चढत गेला आणि थांबला. ९९०.

चाचांनी बटण दाबलं. नोंद पूर्ण झाली. आकडा शून्य झाला आणि चौकोन कोरा पडला. बारा नंबरचा दिवा विझला. सात नंबर चालूच राहिला, एकदाही न लुकलुकता.

"आता होईल काम," मी म्हणालो.

चाचा अजून स्क्रीनकडेच बघत होते. त्यांनी त्याच हंगामातल्या महादेवरावांच्या आधीच्या खेपेची नोंद काढली होती. रिकामी गाडी, बैल, वर बसलेला माणूस मिळून दहा क्विंटल पंचेचाळीस.

"पंचावन किलो कमी हाय," ते पुटपुटले. मग स्क्रीन बंद करून म्हणाले, "जाऊ द्या. गाडी घ्या रे पुढची."

त्या दिवशी लिंक पुन्हा पडली नाही. मी निघालो नाही, काट्यापाशीच बसून राहिलो. एकेक गाडी चढत होती, उतरत होती. मघाशी मला टोमणा मारणाऱ्यानं येऊन तंबाखू पुढे केली. दिवेलागणीला शेवटचा टेम्पो रिकामा होऊन गेला, आणि मग टपोरे थेंब पडू लागले. रामरावांनी पहिल्यांदाच हसून हात जोडले. एवढं वैतागवाणं काम शेवटी जमलं, याचा आनंद व्हायला हवा होता.

त्या जिनिंगातून बाहेर पडायची वाट काट्यावरूनच जाते. मी मोटरसायकल सुरू केली, काट्यावर घेतली. चाचांनी खिडकीतून हात वर केला, थांबा म्हणून.

"बेटा," ते म्हणाले. "मांगं कोन हाय?"

मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. पावसाचे थेंब पुढच्या अर्ध्या सीटवर पडून चमकत होते. मागची अर्धी कोरडी होती.

मी उतरलो. इंजिनेरच ना मी, तपासल्याशिवाय चैन पडत नाही. गाडी एकटी काट्यावर ठेवली, एकशे वीस किलो. ती खाली घेऊन मी एकटा चढलो, पासष्ट. दोघं मिळून एकशे पंच्याऐंशी व्हायला हवेत. गाडीवर बसून पुन्हा काट्यावर गेलो. दोनशे चाळीस.

तीनदा केलं. तीनदा दोनशे चाळीस, पंचावन्न जास्त.

चाचा खिडकीतून बाहेर आले नाहीत. नुसते म्हणाले, "पिंपळखेडचा फाटा तुमच्या रस्त्यातच लागते. आस्ते चालवा."

पावसानं जोर धरला होता. मी वीसच्या वर वेग घेतला नाही. आरशात बघितलं नाही. पिंपळखेडच्या फाट्यावर बाभळीखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. दोन्ही पाय चिखलात टेकवून, समोर बघत म्हणालो, "महादेवराव... तुमचा फाटा आला."

मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मागचा भार हलला नाही, कोणी उतरलं नाही.